कारणाचा रकाना

२ फेब्रुवारी १९९९, मंगळवार

उद्या यात्रेला निघायचे. सिंदीहून पॅसेंजरने नागपूर, तिथून मथुरा, हरिद्वार आणि परतताना एक दिवस दिल्ली. राममंदिराच्या समितीने चाळीस माणसे ठरवली आहेत. अध्यक्ष दौलतराव कापसाचे व्यापारी, पण यात्रेची यादी स्वतः करत बसले. यात्रेची वही लिहायचे काम त्यांनी मला दिले. गावात बी.ए. झालेली मी एकटीच, आमच्या घरात तर दहावीला बसलेलीही मीच पहिली. बाबांना आरतीच्या वेळी लहान नगारा वाजवायला नेत आहेत.

आई येत नाही, वांगी तोडणीला आली आहेत. भाकरी बांधताना ती म्हणाली, "पलीकडच्या गावच्या देवळात बटनाचा नगारा बसवला म्हन्ते. बटन दाबलं का नगारा, झांज, घंटा, समदं आपोआप. दौलतराव पाहून आले."

आमची भाजीची वाडी आहे, बाबा बाजारात भाजी विकतात, पण कोणी विचारले तर स्वतःला माळी म्हणत नाहीत, नगारेवाला म्हणतात. देवळाच्या दरवाजावरच्या नगारखान्यात पणजोबांपासून आमच्याच घरचा माणूस बसतो. ती जागा गेली तर बाबा कोण राहतील?

बाबा म्हणाले, "मशीन आनाचं असतं तर मले संग काऊन नेलं असतं?"

हे मला पटले. तरी दोनदा उठून पाणी प्याले.

५ फेब्रुवारी. मथुरा

समितीतल्या रूपरावांनी खालच्या बर्थवरून भांडण केले. ते वहीत लिहावे की नाही हे कळेना. घडले ते खरे, म्हणून लिहिले. दौलतरावांनी वाचून हसत हसत खोडले. "पोरी, खरंच लिहिजो, पन कामाचं लिहिजो."

कामाचे कोणते हे कसे ठरवायचे, ते विचारायचे राहिले.

९ फेब्रुवारी, मंगळवार. दिल्ली, धर्मशाळा

आज लाल किल्ला पाहिला. मोठ्या दरवाज्यातून आत गेले की दुकानांची झाकलेली गल्ली लागते, ती संपली की मोकळी जागा आणि समोर लाल दगडाची उंच देवडी. त्यावर तीन मजले, दगडात कोरलेली फुले. हा नौबतखाना, बादशहाचा नगारखाना. पाटी वाचून दाखवायचे काम माझ्याकडे होते. मी मोठ्याने सांगितले, "बादशहाच्या काळी इथे दिवसातून पाच वेळा नौबत वाजायची. राजघराण्यातले सोडून बाकी सगळ्यांनी हत्ती-घोड्यांवरून इथेच उतरायचे, मग पायी आत."

ऐकताच बाबांनी चपला काढल्या.

आमच्या नगारखान्याखालून कोणी चपला घालून जात नाही. पूर्वीचे गावमालक मालगुजारसुद्धा तिथे बैलांच्या दमणीतून उतरत. बाबांचे पाहून आमच्या चाळीसही माणसांनी पायातले काढले आणि भिंतीशी ओळीने मांडले. कुठल्याशा शाळेची पोरे आली होती, ती खिदळायला लागली. पहाऱ्यावरचा शिपाई ओरडला, "अरे ताऊ, मंदिर नहीं है ये! जूते पहनो सब!"

मी बाबांच्या कानाशी म्हणाले, "बाबा, घाला चपला. लोक हसून राह्यले."

"हसू दे. दरवाजावर नगारा होता ना?"

"होता."

"मंग?"

मी माझ्या चपला घातल्या. हे इथे लिहून ठेवते, कारण यात्रेच्या वहीत लिहिलेले नाही.

वरच्या मजल्यावर आता लढायांचे संग्रहालय आहे. काचेत तलवारी, बंदुका, शिपायांचे जुने पोशाख. बाकीचे लोक तोफेच्या गोळ्यांपाशी रमले. बाबांनी एकाही काचेकडे पाहिले नाही. ते खाली पाहत, भिंतीवर हात फिरवत चालले होते. कोपऱ्यात खुर्चीवर एक कर्मचारी बसला होता, त्याला विचारले, "भैया, नगारा किधर रख्खते थे?"

"कौन सा नगाड़ा? यहाँ लड़ाई का सामान है, बाबा."

मग बाबा एका कमानीपाशी गेले आणि चक्क मांडी घालून बसले. आधी दुकानांच्या बाजूला पाहिले, मग मान वळवून आतल्या दरबाराकडे.

"हेच जागा," ते म्हणाले.

"कशावरून?"

"इथून येनारा बी दिसते अन् बसनारा बी. वाजवनाऱ्याचं अर्धं काम डोयानं असते वं."

मी म्हणाले, "पण पाटीवर तर पाच वेळा लिहिले आहे. म्हणजे वेळ ठरलेली होती."

"वेळ मोजनारा दुसरा असन. वाजवनारा मानूस पाहूनच वाजवते." त्यांनी मांडीवर तळव्याने हलकेच दोन थापा मारल्या. खुर्चीवरच्या माणसाने त्यांना उठवले.

वहीत मी 'पाच वेळा' एवढेच लिहिले. बाबांचे म्हणणे पाटीवर नव्हते, त्याला पुरावा नाही.

खाली आल्यावर दौलतराव म्हणाले, "तानबा, चाल माह्यासंग चांदनी चौकात. देवाचं सामान घ्याचं हाये, उचलाले भरोशाचा मानूस पायजे." भरोशाचा म्हटल्यावर बाबांची मान ताठ झाली. तासाभराने परत आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर गोणपाटात शिवलेले मोठे खोके होते. (तासाभराने नाही, सव्वा तासाने.)

१० फेब्रुवारी. गाडीत

खोके बाबांनी आपल्या बर्थखाली ठेवले आहे. गाडीला हिसका बसला की आतून किणकिण होते. "देवाले नवी झांज घेतली असन," बाबा म्हणाले. रूपरावांनी त्यावर पाय ठेवले तर बाबा त्यांच्यावर डाफरले. "देवाचं हाये, पाय नोको लावू!" रूपराव दौलतरावांकडे पाहून हसले. का, ते मला कळले नाही.

दुपारी दौलतराव माझ्याजवळ येऊन बसले. "पोरी, तुह्या हातची एक वही पायजे. तानबा पहाटे किती वाजता नगारा वाजवते, ते महिनाभर रोज लिहून ठेवजो. समितीसमोर ठेवाची हाये. पन खरं लिहिजो. बापाची बाजू नोको घेऊ."

"मी तशी नाही, भाऊ."

"म्हनूनच तुले सांगून राह्यलो."

मला फार बरे वाटले. किल्ल्याच्या पाटीवर बादशहाचे नाव आहे, नौबत वाजवणाऱ्या एकाचेही नाही. बाबांचे मात्र लिहिलेले राहील. महिनाभरात एकही दिवस चुकला नाही हे समितीला दिसले की बटनाची गोष्ट आपोआप मागे पडेल. तोंडी बोललेले लोक विसरतात.

बाबांना सांगितले. ते म्हणाले, "लिही."

१५ फेब्रुवारी, सोमवार. घरी

वही आखली. चार रकाने: तारीख, आरतीची ठरलेली वेळ, नगाऱ्याची वेळ, फरक. कॉलेजात बक्षीस मिळालेले घड्याळ काल आकाशवाणीच्या बातम्यांवर लावून घेतले. देऊळ टेकडीवर, आमचे घर पायथ्याशी, त्यामुळे पहिली थाप अंगणातून स्पष्ट ऐकू येते. नगारा वाजला की पुजारी महाराज आरती सुरू करतात.

आज नगारा ५.३७. फरक सात मिनिटे.

१९ फेब्रुवारी

मंगळवारी ५.३४, बुधवारी ५.३६, काल बरोबर साडेपाच, आज ५.४१.

बाबांना म्हणाले, "साडेपाचलाच वाजवा ना."

"तवाच तं वाजवतो."

"आज अकरा मिनिटे उशीर झाला."

"देव का मनगटाले घड्याळ बांधून बसते?" असे म्हणून हसले.

उशीर का होतो ते मला कळत नाही. पाचलाच ते वर गेलेले असतात. अंगणातून पाहिले की नगारखान्याच्या झरोक्यात दिव्याच्या उजेडात मफलर गुंडाळलेली त्यांची आकृती दिसते. हातात टिपऱ्या घेऊन नाल्याकडे बघत उभे असतात. अंधारात तिकडे काय आहे? नाल्यापलीकडे एक धुरपताआजीची झोपडी. ती ऐंशीच्या पुढची, कानाने कमी, कंदील घेऊन रोज आरतीला येते. मी धावत वर जाते तोवर ती खांबाला टेकून बसलेली असते. तिची एकही आरती चुकत नाही, आणि बाबांना धडधाकट असून वेळ पाळता येत नाही, याचे वाईट वाटते.

२४ फेब्रुवारी

आज मी खोटे लिहिले. नगारा ५.३२ ला वाजला, मी ५.३१ लिहिले. एका मिनिटाने कोणाचे काय बिघडते, असे मनाशी म्हणाले. दुपारी जेवण गेले नाही. संध्याकाळी खोडून ५.३२ केले आणि खोडल्याजागी सही केली.

६ मार्च

चांगली बातमी. परवा, काल आणि आज, तिन्ही दिवस बरोबर साडेपाच. एका मिनिटाचाही फरक नाही. माझ्या सांगण्याचा परिणाम झाला असावा. बाबा मनावर घेतात, पण तसे दाखवत नाहीत.

धुरपताआजी तापाने पडून आहे. आईने तिला पेज नेऊन दिली.

९ मार्च

आजी बरी झाली, आरतीला आली. नगारा ५.४३. बाबांनी पुन्हा सवय सोडली. मी रागाने फरकाचा आकडा इतका दाबून लिहिला की मागच्या पानावर उमटला.

१५ मार्च

वही पूर्ण. एकोणतीस दिवसांत सात दिवस वेळेवर, बावीस दिवस उशीर. पण एकही दिवस खाडा नाही. हे मी शेवटच्या पानावर वेगळ्या ओळीत लिहिले आणि खाली रेघ ओढली. दौलतरावांनी उभ्या उभ्या पाने चाळली. "शाब्बास. अक्षर म्हंजे मोती."

१८ मार्च, गुरुवार. पाडवा

जसे झाले तसे लिहिते.

संध्याकाळी सभामंडपात समितीची बैठक होती, अर्धे गाव जमले होते. दौलतरावांनी माझी वही काढली आणि उशिराची एकेक तारीख वाचायला घेतली. "सात मिनिटं. चार मिनिटं. सहा मिनिटं. अकरा मिनिटं." दहाव्या-बाराव्या तारखेनंतर पोरे त्यांच्याबरोबर आकडे ओरडायला लागली. शेवटचे पान त्यांनी वाचले नाही. मी उभी राहून म्हणाले, "भाऊ, शेवटच्या पानावर..." ते म्हणाले, "बस पोरी, तुहं काम झालं."

मग लोकांकडे वळून, "मी काई म्हनून राह्यलो नाई, बाप्पा. त्याच्या पोटच्या पोरीनं लिहिलं हाये. खोडलं तिथं सही बी केली हाये."

पुजारी महाराजांनी विचारले, "तानबा, उशीर काऊन होते?"

बाबांनी एकदा खांबाकडे पाहिले. तिथे धुरपताआजी बसली होती, तिला यातले काही ऐकू येत नव्हते. "होते कवाकवा," बाबा म्हणाले.

मग गाभाऱ्यामागच्या खोलीतून ते खोके आणले. रूपरावांनी गोणपाट उसवले. आत लोखंडी सांगाडा, त्यावर दोन लहान नगारे, झांजा, घंटा, ठोके द्यायला दोन दांड्या, खाली मोटर. वर चकचकीत निळा रंग.

बाबा जवळ जाऊन पाहत राहिले. म्हणाले, "हे तं मीच आनलं."

सगळे हसले. रूपराव सर्वांत मोठ्याने.

घरी येऊन दार लावल्यावर आई म्हणाली, "पोट्टीले शिकवलं, अन् तिनं बापाले खाली उतरवलं."

बाबा पाय धूत होते. "तिनं खोटं कुठी लिहिलं?" म्हणाले.

बाबांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

१९ मार्च

बाबांनी टिपऱ्या आणि नगाऱ्याची झूल आणायला मला वर पाठवले. स्वतः आले नाहीत. रामनवमीपर्यंत त्यांनीच वाजवायचे ठरले आहे, पण आज अंग दुखते म्हणाले. पुजाऱ्यांनी नुसती घंटा वाजवली.

मी इतक्या पहाटे नगारखान्यात कधी गेले नव्हते. नगाऱ्यामागे उभी राहिले, जिथे बाबा उभे राहतात तिथे. झरोक्यातून नाला दिसतो, त्यावर पुलासारखी टाकलेली फरशी दिसते आणि टेकडीची पायवाट पहिल्या पायरीपर्यंत दिसते. नाल्यापलीकडे कंदील हलत होता. तो फरशीवर थांबला, पुन्हा हलला, चढाला लागला, दोनदा खाली टेकला. पहिल्या पायरीशी पोचला तेव्हा मी घड्याळात पाहिले. ५.३८.

वहीतले आकडे आठवले.

आजीला ताप होता तेव्हा रोज साडेपाच. आजी बरी झाली त्या दिवशी ५.४३. सगळे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते आणि मला वाचता आले नाही.

२० मार्च

दौलतरावांच्या दुकानात गेले. गाद्यांवर माणसे होती, तरी बोलले. "भाऊ, बाबा धुरपताआजीसाठी थांबत होते. आजी पायरीशी आल्याशिवाय वाजवत नव्हते. आधी वाजवलं तर ती घाईने चढते आणि पडते."

दौलतरावांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मंग वहीत लिहिलं काऊन नाई?"

"कारणाचा रकानाच नव्हता."

"आखला कोनं?"

"मी."

"मंग?" ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले. जाता जाता एवढे बोलले, "अन् एका बुढीसाठी साऱ्या गावाचा देव थांबवाचा का, पोरी? तूच सांग. तू तं शिकेल हायेस."

घरी येऊन बाबांना विचारले, "भर सभेत का नाही सांगितले?"

"काय सांगतो? बुढी आइकली असती तं दुसऱ्या दिवशीपासून आलीच नसती."

"तिला ऐकू येत नाही, बाबा."

"दुसऱ्यानं सांगतलं असतं ना."

२५ मार्च, गुरुवार. रामनवमी

मशीन नगारखान्यातच बसवले. जुना नगारा जिन्याखाली सरकवून त्यावर ताडपत्री टाकली. बटन दाबायचा मान आमच्या घराचा, असे दौलतरावांनी माइकवरून जाहीर केले. बाबा धुतलेले धोतर नेसून गेले होते. बटन दाबले आणि दोन पावले मागे सरकले. मशीन इतके कडाडले की टेकडीवरचे बगळे उडाले. बाबांनी त्याला हात जोडले.

मग माझे नाव पुकारले. "शिकलेली लेक अशी असावी. बापाचीसुद्धा भीड धरली नाई." साडी-चोळी आणि नारळ. चारशे माणसे पाहत होती. मला वाटले होते की मी उठणार नाही. मी उठले, ओटी घेतली, दौलतरावांच्या पाया पडले. खाली बाबा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते.

साडी आईने ट्रंकेत तळाशी टाकली. नारळ कोणी फोडला नाही.

२८ मार्च, रविवार

मशीनला घड्याळ जोडले आहे. बटनही दाबावे लागत नाही. बरोबर साडेपाचला सुरू होते, पाच मिनिटे वाजते आणि बंद पडते. आरती पावणेसहाच्या आत संपते.

बाबा तरी पाचला उठतात. अंगणात बसतात, साडेपाचला मशीन वाजले की आत येऊन चहा मागतात. वर जात नाहीत. मीही दोन दिवस गेले नव्हते.

आज गेले. आरती होऊन लोक परतत होते. धुरपताआजी अर्ध्या पायऱ्यांवर बसली होती. कंदील शेजारी विझलेला, डाव्या गुडघ्यावर लुगड्याला रक्त. मी पदराने पुसायला लागले, तर तिने माझा हात धरला.

"गोपिका, तुह्या बापाले काय झालं वं? लय घाई करून राह्यला. मी फरशीवर असतो तवाच वाजवते. तीन दिस झाले, आरती नाई भेटली."

मी दुसऱ्या हाताने पदर तिच्या गुडघ्यावर दाबून धरला.

"माह्यावर राग हाये काय त्याचा? माहं काई चुकलं असन तं सांग. मी येतो, पाया पडतो त्याच्या."

सभेत खोके उघडताना ती होती, पण ते कशासाठी हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. नाल्यापलीकडे नुसता धमधम आवाज पोचतो, आणि ती वर येईपर्यंत सगळे बंद झालेले असते. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, "आजी, बाबा नाही वाजवत आता. मशीन आहे. मशीन वाजवते."

तिने वर नगारखान्याकडे पाहिले.

"असं हाय काय," ती म्हणाली. "मंग त्या मशीनले सांगजो ना पोरी, जराशीक थांबत जाय म्हना."

मी म्हणाले, सांगते.